नगरची शिवाई, माथेरानची ई-रिक्षा आणि मडगावचा तो लटकता डबा

माळीवाडा (धागालेखक)

पंधरवड्यात दोनदा पुणे-नगर झालं, दोन्ही वेळा शिवाईनं, म्हणजे एसटीच्या इलेक्ट्रिक बसनं. पहिल्या खेपेला शिरूर सोडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मागच्या सीटवरच्या आजीबाई फोनवर धाकट्या सुनेबद्दल थोरलीला जे सांगत होत्या, ते अख्ख्या बसला ऐकू येत होतं. लाल डब्यात हे शक्यच नव्हतं. तिथं खिडक्यांच्या काचा, मागचं दार आणि इंजिन मिळून असा काही ताशा वाजवतात की शेजारच्याला "सुपा आलं का?" एवढं विचारायलाही ओरडावं लागतं. तर इलेक्ट्रिक बसचा पहिला सामाजिक परिणाम हा, की लोकांना एकमेकांच्या घरच्या भानगडी कळायला लागल्या.

गंमत बाजूला. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस पुणे-नगर रस्त्यावरच धावली होती. लाकडी बॉडीची गाडी, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आणि १ जून २०२२ ला पहिली शिवाई धावली ती मुद्दाम याच रस्त्यावर. आम्हा नगरकरांना अभिमानाच्या जागा तशा मोजक्याच, त्यात ही एक.

पुण्याला परत जाताना पुढच्या सीटवर बसलो होतो. ड्रायव्हर पंचविशीतला, बोलका. विचारलं, गाडी कशी आहे? म्हणाला, "गाडी सोनं आहे काका, पण डोळा रस्त्यावर एक आणि टक्क्यावर एक." डॅशबोर्डवर बॅटरीचा टक्का दिसतो, त्याबद्दल बोलत होता. डिझेलच्या ड्रायव्हरला अशी काळजी नसते. वाटेत दहा पंप लागतात.

तेव्हापासून डोक्यात एक विषय घोळतोय. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत "वाहतुकीचं भविष्य" म्हणून आपल्याला काय काय दाखवलं गेलं ते आठवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई-पुणे हायपरलूपचा (निर्वात नळीतून धावणारे डबे) करार झाला, २५ मिनिटांत पोचणार होतो. २०२३ संपता संपता करार करणारी कंपनीच बंद झाली. डेक्कन क्वीन मात्र १९३० पासून चालू आहे. उलट ज्या गोष्टींनी खरोखर प्रवास बदलला त्यांच्यासाठी कुणी फार मोठा मांडव घातला नव्हता. फास्टॅग घ्या. शिव्या देत देत लावला आणि आता टोलनाक्यावर सुट्ट्यासाठी वाद घालणारा माणूस शोधून सापडत नाही.

माझं मत असं, की जी नवी गोष्ट जुन्या खोबणीत बसते ती टिकते. रस्ता तोच, थांबा तोच, तिकीट काढायची पद्धत तीच, फक्त आतलं यंत्र बदललेलं. ज्या तंत्रज्ञानाला आधी सगळं जग नव्यानं बांधून हवं असतं, ते बहुतेक वेळा मांडवातच राहतं.

तुमच्या गावात आलेली, टिकलेली किंवा फसलेली गोष्ट असेल तर लिहा. बातम्यांच्या लिंका नकोत, पाहिलेलं किंवा पक्कं ठाऊक असलेलं लिहा.

---

अर्धा_कटिंग

आजींच्या सुनेचं पुढं काय झालं ते आधी सांगा. बाकी धागा सावकाश वाचतो.

---

किलोवॅट

ड्रायव्हरच्या "टक्क्यावर डोळा" या वाक्यावर थोडी आकडेमोड. नगरच्या रस्त्याला तसा घाट नाही, म्हणून बोरघाट घेऊ.

प्रवासी भरलेली १२ मीटर बस साधारण १८ टन धरा. खोपोली ते खंडाळा उंचीचा फरक ढोबळ ५०० मीटर. नुसतं तेवढं वजन तेवढं वर न्यायला साडेचोवीस युनिट वीज लागते. मोटरमधली गळती, वाऱ्याचा आणि टायरचा विरोध हे सगळं वेगळं. सपाटीला हीच बस किलोमीटरला एक-सव्वा युनिट खाते. म्हणजे घाटातली ती काही मिनिटं वीस किलोमीटरच्या सपाट रस्त्याला भारी पडतात.

पण उतरताना हिशेब उलटतो. डिझेल बस उतरते तेव्हा हीच सगळी ऊर्जा ब्रेक लायनरमधून उष्णता होऊन उडून जाते. घाटात खिडकीतून येणारा तो जळका वास आठवा, तो तुमच्या तिकिटाच्या पैशाचा वास होता. इलेक्ट्रिक बसची मोटर उतारावर जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत भरते. निम्म्याच्या थोडं वर जरी परत आलं तरी फायदाच.

यात एक मेख आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. बॅटरी आधीच शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायची कुठं? म्हणजे लोणावळ्यात चहा-चिक्की होईपर्यंत चार्जरला लावून टिच्च भरून घेतली आणि लगेच घाट उतरायला लागलो, तर उताराची वीज वाया आणि भार पुन्हा साध्या ब्रेकवर. घाटाच्या माथ्यावर चार्जर ठेवण्यापेक्षा पायथ्याशी ठेवणं शहाणपणाचं. वेळापत्रक आखणाऱ्याला आता नकाशात उंचीही बघावी लागणार.

आणि "नवं तंत्रज्ञान" म्हणताना एक लक्षात ठेवा. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ पासून आलेल्या गाड्या ब्रेक मारताना वीज वरच्या तारेत परत सोडतात. दादरला उभं राहून तुम्ही कपाळाला आठ्या घालता तेव्हा मागून येणारी फास्ट कदाचित समोरच्या स्लोला वीज पुरवत असते.

---

तीनचाकी

मिरजेहून लिहितोय. दोन वर्षं झाली, स्वतःची इलेक्ट्रिक रिक्षा आहे. त्याआधी सीएनजी होती.

हिशेब सरळ आहे. दिवसाला ९० ते १०० किलोमीटर होतात. रात्री घरच्या मीटरवर लावतो, आठ युनिटच्या आसपास जातं. ऐंशी रुपये धरा. तेवढ्याच धावेला सीएनजीत पावणेतीनशेच्या खाली कधी आलो नाही, आणि पंपावरच्या रांगेत दीड तास जायचा तो वेगळा. त्या दीड तासात स्टेशन ते बसस्टँड चार फेऱ्या होतात. लोक इंधनाचे पैसे मोजतात, मी ती रांग मोजतो.

आता दुखणं. पहिलं, हप्ता. गाडी महाग, बँक लवकर कर्ज देत नाही कारण जुनी इलेक्ट्रिक रिक्षा विकताना काय भाव येईल ते बँकेला ठाऊक नाही आणि मलाही नाही. दुसरं, बॅटरीची वॉरंटी संपल्यावर काय, हा विचार रात्री एकदा तरी येतोच. तिसरं, स्टँडवरची भांडणं. २०१८ मध्ये केंद्रानं बॅटरीवरच्या गाड्यांना परमिटमधून सूट दिली. ज्यानं दागिने मोडून परमिट घेतलं तो माझ्या हिरव्या नंबरप्लेटकडे कसा बघत असेल? पहिले सहा महिने मला शेअरच्या रांगेत उभं राहू दिलं नाही. त्यांचंही चूक म्हणवत नाही. आता मिटलं, कारण त्यातल्याच तिघांनी इलेक्ट्रिक घेतली.

माळीवाडा, तुमचं खोबणीचं बरोबर आहे. पण खोबणीत आधीच कुणी बसलेलं असतं, ते धरायला पाहिजे.

---

माळीवाडा

@तीनचाकी, शेवटचं वाक्य लिहून ठेवलं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

@अर्धा_कटिंग, आजी सुप्यालाच उतरल्या. प्रकरण अर्धवट राहिलं.

---

मिस्त्रीचा_पोरगा

वडलांचं दुचाकीचं गॅरेज आहे, तालुक्याच्या गावी, पस्तीस वर्षं. आवाजावरून गाडी ओळखतात. पोरगा गाडी स्टँडला लावायच्या आत हे आतून म्हणणार, "टायमिंग चेनचं काम आहे, पाचशे होतील."

मागच्या दिवाळीत गल्लीतल्या एकाची इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली. ढकलत आणली. बाबांनी सवयीनं कान लावला. आवाजच नाही! सीट उघडली, वायरी बघितल्या, सगळं सीलबंद. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, डबा उघडलात तर वॉरंटी गेली, जिल्ह्याला घेऊन या. टेम्पोनं नेली. बारा दिवसांनी आली. बिघाड काय होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, नुसता "मॉड्यूल बदललं" असा कागद. (कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांचं यापेक्षा बरं आहे असं काही दिसलेलं नाही.)

ऑइल नाही, प्लग नाही, क्लच वायर नाही, कार्बोरेटर नाही. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं उत्तमच. पण आमच्या घराचा किराणा या चार गोष्टींवर चालायचा. आता उरलं काय, तर पंक्चर, ब्रेक शू आणि शॉकॉप. बाबा म्हणतात, "पंक्चरवाला टिकेल, मिस्त्री जाईल." मी आयटीआयला बॅटरी दुरुस्तीचा कोर्स केला, मल्टिमीटर घेतलं, पण आतल्या सॉफ्टवेअरला हात लावायची परवानगी असल्याशिवाय मल्टिमीटर काय कामाचं? दुरुस्तीचा हक्क गिऱ्हाइकाकडे आणि पर्यायानं आमच्यासारख्यांकडे राहायला हवा, यावर कुणी बोलत नाही.

---

इरई

चंद्रपूरकर. "धूर नाही, आवाज नाही" हे वाचून बरं वाटलं. तुमच्याकडे नाही. आमच्याकडे आहे.

इथलं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. तुमच्या शिवाईचा धूर पुण्यात निघत नाही हे खरं, तो चारशे कोसांवर आमच्या छपरांवर राख होऊन बसतो. उन्हाळ्यात वाळवण घालताना आई आधी गच्चीवर बोट फिरवून बघते. बोट काळं झालं की पापड घरातच पंख्याखाली.

इलेक्ट्रिक नकोच असं म्हणत नाही. फक्त जाहिरातीत हिरवं पान काढताना चिमणीची दिशाही काढा.

---

किलोवॅट

@इरई, मान्य. लपवण्यासारखं नाहीच. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. दोनच गोष्टी जोडतो. एक, डिझेल इंजिन टाकीतल्या ऊर्जेचा निम्म्याहून बराच भाग उष्णता म्हणून फेकून देतं, मोटर फार कमी वाया घालवते, म्हणून कोळशाची वीज धरूनही बसच्या बाबतीत गणित अगदीच तोट्याचं होत नाही. दोन, आज घेतलेली डिझेल बस पंधरा वर्षं डिझेलच पिणार. इलेक्ट्रिक बसची वीज उद्या सौर झाली तर बस तीच राहून स्वच्छ होते. पण चंद्रपूरची राख आजची आहे आणि ही "उद्या"ची गोष्ट, हे कळतं मला.

---

इरई

एवढं म्हणालात तेच पुष्कळ. आणि हो, ते "चारशे कोस" बोलण्याच्या ओघात गेलं, कुणी मोजत बसू नका.

---

दस्तुरी_नाका

नेरळला राहतो, धंदा माथेरानला. आमच्याकडचा प्रकार तुमच्या सगळ्यांहून वेगळा, कारण आमच्याकडे पेट्रोल आलंच नाही. दस्तुरीच्या पुढं मोटारीला बंदी. १९०७ ला पीरभॉयांची छोटी रेल्वे आली, त्यानंतर वर चढणारं नवं वाहन म्हणजे थेट २०२२ च्या डिसेंबरातली ई-रिक्षा. मधलं अख्खं विसावं शतक आम्ही गाळलं म्हणा ना.

तोवर काय होतं? पाय, घोडा आणि हातरिक्षा. हातरिक्षा म्हणजे माणूस पुढं ओढतोय, मागून ढकलणारे ढकलतायत, आत पाहुणा बसलाय, लाल माती, चढ. पावसाळ्यात उताराला रिक्षा अंगावर येते. पुढच्याचे घोटे बघा कधीतरी. ९४ परवानाधारक होते. गंमत अशी, की ई-रिक्षा मागायला कोर्टात गेले ते हेच लोक. आम्ही "तंत्रज्ञानामुळे नोकऱ्या जाणार" ऐकतो ना, इथं मजूरच म्हणत होते, द्या एकदाचं यंत्र. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, माणसानं माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा, आणि ई-रिक्षा याच ओढणाऱ्यांना भाड्यानं चालवायला द्या. मला त्या निकालातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटला. नाहीतर रिक्षा आली असती आणि ती चालवायला पैसेवाला तिसराच बसला असता.

विरोध झालाच. घोडेवाल्यांचं पोटही या वाटेवर आहे. पेव्हर ब्लॉक टाकले तर घोड्याची टाप घसरते, माती ठेवली तर रिक्षा रुतते. एकाच रस्त्याला दोन वाहनांच्या दोन मागण्या. कोर्टानं दस्तुरी ते शिवाजी महाराज पुतळा एवढ्याच वाटेवर ब्लॉकला मोकळीक दिली, आतल्या वाटा मातीच्याच.

शाळेची पोरं रिक्षानं जायला लागली आणि म्हातारी माणसं दवाखान्यात वेळेत पोचायला लागली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तीनचाकींना मिरजेत इंधन वाचलं, आमच्याकडे माणसाची छाती वाचली.

---

अर्धा_कटिंग

विनोद करायला आलो होतो. हे वाचून गप्प बसलो.

---

सुशेगाद_सायकलवाला

मडगावहून. धाग्याच्या शीर्षकात आमचा डबा आला म्हणून लिहितो.

शाळेत होतो तेव्हा स्टेशनाजवळ खांब उभे राहिले. दीड-एक किलोमीटर. वर बंद पेटीसारखा पूल, आत रूळ, आणि त्याला खाली लटकलेला डबा. स्कायबस. कोकण रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख बी. राजाराम यांची कल्पना. जमीन लागत नाही, रस्त्याच्या वरून जाते, उलटू शकत नाही. आम्ही पोरं सायकल घेऊन खाली उभे राहायचो. भविष्य बघायला तिकीट नव्हतं. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणी चालू असताना डबा हेलकावला आणि खांबाला आपटला. एक कर्मचारी गेला. त्यानंतर डबा तसाच लटकत राहिला. बरीच वर्षं. कबुतरं राहायची. बाहेरगावचे पाहुणे विचारायचे, हे काय? आम्ही सांगायचो, थांब, अजून यायचंय. २०१३ च्या सुमारास मोडून भंगारात काढलं.

आता दुसरी बाजू. याच कोकण रेल्वेनं १९९९ मध्ये काय केलं, तर भरलेला ट्रक सरळ सपाट वॅगनवर चढवला. कोलाडला चढव, वेर्णेला उतरव. ड्रायव्हर ट्रकमध्येच झोपतो. घाट नाही, टायर झिजत नाही, डिझेल जळत नाही. यात शोध कसला? एक उतरण आणि चार साखळदंड. हीच ती रो-रो सेवा, आजही चालू आहे. २०२५ च्या गणपतीत लोकांच्या मोटारींसाठीही सुरू केली.

एकच घर, एकाच काळातली दोन बाळं. लटकता डबा गेला आणि साखळदंडवालं टिकलं. माळीवाडांच्या खोबणीला याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही. पण स्कायबसला हसू येत नाही मला. कुणीतरी आपल्या डोक्यानं काहीतरी करून बघत होतं.

---

आरे_ते_कफ_परेड

खोबणीचा सिद्धांत ऐकायला गोड आहे, पण सगळेच एका सुरात डोलायला लागलात म्हणून विरोध नोंदवतो.

मुंबईची मेट्रो ३ कुठल्या खोबणीत बसली? साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींच्या खालून बोगदा. रस्ते वर्षानुवर्षं खणलेले, आरेच्या झाडांवरून आंदोलनं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला टप्पा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग चालू झाला. आज मी सीप्झहून चर्चगेटला कपड्यांची इस्त्री न मोडता पोचतो. जग नव्यानं बांधावं लागलं, बांधलं, आणि चाललं.

त्याहून जुनं उदाहरण. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, तेव्हाही तारा, खांब, सबस्टेशन सगळं नव्यानंच उभारलं होतं. त्या वेळी कुणी म्हणालं असतं की आहे त्या रुळावर कोळशाचं इंजिन बरं चाललंय, तर आज आपण लोकलला लोंबकळत काजळी खात असतो. "हळूहळू, जुन्यातच बदल" हा काटकसरी माणसाचा धर्म आहे. दीड-दोन कोटींच्या शहराला तो परवडत नाही.

---

किलोवॅट

मोनोरेल विसरलात का? तिलाही जग नव्यानंच बांधलं होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये वाजतगाजत सुरू. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात हार्बर बंद पडली, लोक मोनोकडे वळले आणि गाडी अधांतरी अडकली. क्षमता १०४ टनांची, भरली १०९. म्हणजे अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला मुंबईची खरी गर्दी मिळाली आणि तिनं मान टाकली. महिन्याभरात दुरुस्तीसाठी सेवा थांबवली.

---

आरे_ते_कफ_परेड

मोनोचं चुकलं ते तंत्रज्ञान नव्हे, मार्ग. जिथं लोकांना जायचं नाही तिथून तिथवर नेली. तीच मेहनत गर्दीच्या रस्त्यावर केली असती तर... असो, त्या वजनात गर्दीच्या रस्त्यावरही अडकलीच असती. हा मुद्दा तुमचा.

---

माळीवाडा

@आरे_ते_कफ_परेड, १९२५ चा मुद्दा बिनतोड. मी "खोबण" म्हणताना रूळ-रस्ता डोक्यात धरला होता. पण मेट्रो ३ ज्या वाटेनं जाते त्या वाटेवर लोक आधीपासून रोज घामाघूम होऊन जातच होते. खोबण रुळांचीच असायला हवी असं नाही, लोकांच्या जाण्यायेण्याचीही असते. (हो, सिद्धांत वाचवायला मी व्याख्या ताणतोय, कळतंय मला.)

---

सनीव्हेलची_मावशी

मी कॅलिफोर्नियातून, वाचनमात्र, पण आज राहवलं नाही. लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. तिनं फोनवर गाडी बोलावली. आली, आणि पुढं कुणीच नाही! वेमोची बिनड्रायव्हरची टॅक्सी. स्टिअरिंग आपलं आपलं फिरतंय. मी पहिली पाच मिनिटं रामरक्षा म्हणत होते, सहाव्या मिनिटाला कंटाळा आला. इतकी नेमस्त चालवते. समोर कुणी डिलिव्हरीवाल्यानं गाडी आडवी लावली होती, तर ही मागे शांत उभी. आपल्याकडचा ड्रायव्हर असता तर खाली मान घालून दोन शब्द तरी बोलला असता.

२०२४ च्या जूनपासून तिथं ती कुणालाही मिळते. पण दुसरी एक कंपनी होती, क्रूझ. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या मोटारीनं उडवलेली एक बाई तिच्या गाडीखाली आली आणि गाडी बाजूला घेताना फरफटत गेली. परवाना गेला, वर्षभरानं मालक कंपनीनं तो धंदाच गुंडाळला.

मला उतरताना चुकल्यासारखं वाटलं. थँक्यू कुणाला म्हणायचं?

---

तिकीट_तिकीट

आई एसटीत कंडक्टर होती, मागच्या वर्षी रिटायर झाली. या धाग्यातलं निम्मं बोलणं बॅटरीवर चाललंय, पण आईला विचाराल तर तिच्या नोकरीतला सगळ्यात मोठा बदल म्हणजे मशीनवरचा यूपीआयचा कोड. पंचवीस वर्षं रोज सकाळी ती दुकानात सुट्ट्यासाठी हात पसरायची. "उतरताना घ्या" असं तिकिटामागं पेनानं लिहून द्यायचं आणि मग शेवटच्या स्टॉपला चार रुपयांसाठी शिव्या खायच्या. ते संपलं. मार्च २०२३ ला बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा तर सुट्ट्याचा नुसता कहर झाला असता. यूपीआय होतं म्हणून निभावलं.

दुसरं, जरा कडू. इलेक्ट्रिक बस आली ती एकटी नाही आली, कराराचा कागद घेऊन आली. गाडी इतकी महाग की महामंडळ विकत घेऊ शकत नाही. मग गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, बॅटरी कंपनीची, एसटी किलोमीटरमागे पैसे देणार. ५१५० बसचा मोठा करार २०२३ मध्ये झाला, गाड्या ठरल्याप्रमाणे आल्या नाहीत, २०२५ मध्ये तो रद्द करण्यापर्यंत गोष्ट गेली. मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले ते सगळ्यांनी वाचलंय.

धागालेखकांना भेटलेला पंचविशीतला बोलका मुलगा. खाकी शर्ट असेल, पण त्याला एसटीचा बिल्ला असेल का, पेन्शन असेल का, विचारलंत का? माझ्या आईच्या वेळी ड्रायव्हर-कंडक्टर एका डेपोचे, एका सोसायटीचे, मुलांची लग्नं एकमेकांत. आता एका गाडीत दोन मालकांची माणसं. इंजिनाचा आवाज गेला एवढंच नाही बदललं.

---

माळीवाडा

@तिकीट_तिकीट, नाही विचारलं. टक्क्याबद्दल विचारलं, रेंजबद्दल विचारलं, पगाराबद्दल नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा जाणं आहे. तोच भेटला तर विचारतो, सांगेल की नाही माहीत नाही.

---

तीनचाकी

@मिस्त्रीचा_पोरगा, व्यनि (खासगी निरोप) केलाय. मिरजेत आम्ही इलेक्ट्रिकवाले आता चौदा जण झालोय. कंट्रोलर आणि वायरिंगचं काम येणारा माणूस जवळ कुणीच नाही, सगळे कोल्हापूरला पळतात. वॉरंटी संपलेल्या सहा गाड्या आहेत, त्यांना डबा उघडायची भीती नाही. एकदा येऊन बघ. बाबांनाही आण, ब्रेकचं काम आहेच.

---

मिस्त्रीचा_पोरगा

रविवारी येतो. बाबा विचारतायत, गाडीचा आवाजच नसेल तर ट्रायल कशाची घ्यायची?

---

तीनचाकी

बेअरिंगचा आवाज येतो म्हणावं. तिथं कान लागतोच.

---

अर्धा_कटिंग

@दस्तुरी_नाका, एक विचारायचं राहिलं. आईला घेऊन माथेरानला यायचंय. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, घोड्यावर बसणार नाही. ई-रिक्षा मिळेल ना नक्की?

---

दस्तुरी_नाका

शनिवार-रविवार सोडून या. सुट्टीच्या दिवशी दस्तुरीवर रांगेत जेवढा वेळ जातो तेवढ्यात धडधाकट माणूस चालत बाजारात पोचतो. मधल्या वारी सकाळच्या वेळी आलात तर सोपं जाईल. रांग दिसली तर अमन लॉज स्टेशनाहून छोट्या रेल्वेची शटल गाडीही आहे, तिची वेळ आधी बघून ठेवा. रिक्षा सगळ्या पॉइंटांवर जात नाही, तेव्हा हॉटेल बाजाराजवळचं घ्या. आणि आईच्या हातात खाऊची पिशवी देऊ नका. माकडांना अजून कुठलं तंत्रज्ञान लागू पडलेलं नाही.